निळ्या झाकणाचा डबा

नाकानिशी-सान वाईट नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे बोलायचं ते मला मोकळेपणाने बोलता येईल. आमच्या विद्यापीठात संशोधन-नैतिकता समिती नावाचं एक प्रकरण आहे आणि तिचं ऑफिस त्या एकट्या सांभाळतात. जिवंत माणसाशी बोलून काही लिहायचं असेल तर त्या माणसाची लेखी संमती, तिच्यावर त्याच्या नावाचा शिक्का म्हणजे हान्को, शिवाय त्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं याची यादी, हे सगळं त्यांच्या टेबलावरून जातं. फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी त्यांनी माझीच यादी माझ्यापुढे सरकवली आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं.

“कौमुदी-सान, इथे ‘शंकरपाळी, अंदाजे तीनशे ग्रॅम’ असं लिहिलंय.”

“हो.”

“ही संशोधनासाठी आवश्यक होती का?”

आता याला काय उत्तर द्यायचं? मी खरं बोलून फसले होते. यादीत काही लिहिलंच नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण पहिल्या वर्षी याच बाईंनी आम्हाला दोन तास बसवून प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं होतं आणि मी मूर्खासारखं ते मनावर घेतलं होतं.

मी पुण्याची, सहकारनगरची. क्योतोमध्ये पीएचडी करते आणि विषय आहे लिमा. लिमा ही पेरूची राजधानी. पेरू म्हटलं की आमचे सगळे नातेवाईक एकच विनोद करतात आणि पाच वर्षं तो ऐकून माझे कान किटले आहेत, तेव्हा तो कुणीही करू नये. पुण्याच्या मुलीने जपानमध्ये बसून पेरूतल्या शहराचा इतिहास कशाला लिहायचा, हा प्रश्न मात्र रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वी कोबे बंदरातून जहाजं भरभरून माणसं तिकडे गेली. बरेच जण ओकिनावाचे. आधी ऊसमळ्यांत राबली, मग शहरात आली आणि लिमाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांनी दुकानं थाटली. कुणी न्हाव्याचं, कुणी किराण्याचं. त्या लोकांची पत्रं, फोटो, कागदपत्रं इथे पडून आहेत, म्हणून मी इथे पडून आहे.

माझा सगळा जीव त्या कोपऱ्यावरच्या दुकानांत आहे. राजवाडे, पुतळे, गव्हर्नर यांच्यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं. सकाळी पाव आणायला कोण कुठे जायचं, हे कुणी लिहीत नाही. लिमात कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सरसकट ‘चिनो’, म्हणजे चिनी, म्हणायचे, मग तो जपानी का असेना. पोरांना साखर आणायला पाठवलं की चिनो पुडी बांधायच्या आधी वरून चिमूटभर जास्त घालायचा. त्या वरच्या चिमटीला ‘यापा’ म्हणतात. आपला भाजीवाला चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकतो, तसंच. दुकानामागे ‘कायेखोन’ असायचे, म्हणजे अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना एकेक खोली आणि सगळ्यांत मिळून एक नळ. आपल्याकडे चाळ म्हटलं की लोक लगेच गहिवरतात. मी गहिवरत नाही. एका नळावर चाळीस बिऱ्हाडं म्हणजे काय भांडणं होत असतील, हे मला कागदांत दिसतं.

आणि मग १९४० सालचा मे महिना येतो. युद्धाचे दिवस, अफवांचं पीक, आणि लिमात जमावाने जपान्यांची दुकानं फोडली. दोन दिवस लूट चालली. वर्तमानपत्रं ‘जमाव’ म्हणतात, वकिलातीची पत्रं ‘जमाव’ म्हणतात. जमावाला नाव नसतं, हे या सगळ्यांच्या किती सोयीचं! मला एवढंच हवं होतं: रोज सकाळी ज्यांनी त्या दुकानातून पाव नेला, त्यांनीच ते फोडलं का? की लांबून कुणी आलं होतं? माझं चौथं प्रकरण या एका प्रश्नावर उभं होतं, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस मला पाच वर्षांत सापडलं होतं.

त्या म्हणजे होर्तेन्सिया ओशिरो, माझ्या तोंडी दोन्या होर्तेन्सिया, म्हणजे होर्तेन्सियाबाई. वय एक्याण्णव. जन्म लिमाचा, दुकानदाराची मुलगी, लुटीच्या वेळी सहा वर्षांची. म्हातारपणाच्या उंबरठ्यावर मुलाबरोबर जपानला आल्या. मुलगा वारला, सून नागोयाला, आणि या कोबेच्या नागाता भागात सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर एकट्या. जपानी बोलतात ते कामापुरतं. माझी स्पॅनिश ऐकून पहिल्या दिवशी त्या एवढ्या खूश झाल्या की मला वाटलं, झालं, प्रकरण हातात आलं.

कसलं हातात! क्योतोहून दीड तास प्रवास करून मी जायचे. सायकल स्टेशनावर लावायची, गाडी, मग दुसरी गाडी, मग चढ. जाऊन बसले, रेकॉर्डर लावला, “दोन्या होर्तेन्सिया, त्या मे महिन्यात...” असं म्हटलं की त्या उठायच्या आणि विचारायच्या, “तू जेवलीस का पोरी?” दुकानातल्या बरण्यांची नावं सांगतील, नळावरच्या मारामाऱ्या सांगतील, यापा मागायला येणाऱ्या पोरांची नक्कल करतील. मे महिना आला की स्वयंपाकघरात पसार. पहिल्या भेटीत सेन्सेईंच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, सल्ल्याने मी क्योतोच्या मिठाईची कागदात गुंडाळलेली पेटी नेली होती. ती त्यांनी देवासमोर ठेवावी तशी फ्रीजवर ठेवली आणि निघताना माझ्या हातात निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिला. आत दालचिनी घातलेली तांदळाची खीर.

आता डबा परत करायचा म्हणजे रिकामा कसा करणार? आमच्या घरात वाटीसुद्धा शेजारी रिकामी गेलेली मला आठवत नाही. कोबेतल्या सान्नोमिया स्टेशनाजवळ भारतीय वाण्याचं दुकान आहे, तिथून पातळ पोहे आणले आणि चिवडा भरून नेला. त्यांनी चिवडा काढून घेतला, डबा धुतला आणि त्यात ओकिनावाचे गोड वडे भरून दिले. मग मी शंकरपाळी. मग त्यांनी जांभळ्या मक्याची लापशी. पाच भेटी झाल्या. डबा नऊ वेळा भरला आणि रेकॉर्डरवर मे महिन्याचं एक अक्षर नाही. संमतीचा फॉर्म पहिल्या दिवसापासून त्यांच्या फ्रीजला लोहचुंबकाने लटकत होता. “शिक्का मारता ना?” म्हटलं की “नंतर”. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते परवडलं, इथे तर नमनच संपेना.

एकदा त्यांच्या तांदळाच्या डब्यात डोकावले तर वर चार सुक्या लाल मिरच्या ठेवलेल्या. मी म्हटलं, पेरूच्या माणसांना भातही तिखट लागतो की काय. त्या हसल्या.

“किडे होत नाहीत त्याने. बाबा ठेवायचे. जपानी पद्धत आहे. आमच्या गल्लीत दुसरं कुणी ठेवत नसे.”

मी वहीत लिहून घेतलं आणि विसरले. आमची आई तांदळाला एरंडेल लावते, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

तर नाकानिशी-सान. शंकरपाळीवरून त्या लापशीवर आल्या, लापशीवरून चिवड्यावर. मग हात जोडून, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “वस्तूंची अशी सतत देवाणघेवाण झाली तर समोरच्या व्यक्तीची संमती मोकळ्या मनाने दिलेली राहत नाही. दडपण येतं. समितीचं असं मत आहे.”

“एक्याण्णव वर्षांच्या बाईवर चिवड्याचं दडपण?”

“समितीचं असं मत आहे.”

निर्णय असा झाला: पुढच्या भेटीत डबा परत करायचा. सोबत काही न्यायचं नाही, तिथून काही आणायचं नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हान्को मारलेला फॉर्म टेबलावर हवा. नाहीतर ओशिरोबाईंशी झालेलं एकही बोलणं प्रबंधात वापरता येणार नाही. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता, मार्चमध्येच शिष्यवृत्ती संपत होती. सेन्सेईंकडे गेले. त्यांनी दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये पाच वर्षं काढलेल्या माणसाला या आवाजाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मग म्हणाले, “समिती म्हणते तसं करा.” म्हणजे ज्यांनी मिठाईची पेटी न्यायला लावली तेच हे.

मंगळवारी मी गेले. डबा आदल्या संध्याकाळी स्वच्छ घासला होता. निघताना एकदा हात साखरेच्या बरणीकडे गेला, हे मी कबूल करते. पण मग यादीत काय लिहू? ‘साखर, अंदाजे पाच ग्रॅम’? आणि ती आवश्यक होती का? मी इतकी वैतागले होते की बरणीचं झाकण तसंच घट्ट लावलं आणि बाहेर पडले.

ओशिरोबाईंनी दार उघडलं, नेहमीसारखा गालाला गाल लावला. मी चपला काढायच्या आतच डबा पुढे केला आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं म्हणून सरळ बोलले. “दोन्या होर्तेन्सिया, आज मला काही देऊ नका. विद्यापीठाचा नियम आहे. आज फक्त फॉर्मवर शिक्का हवा आणि मे महिन्याबद्दल तासभर बोलायचं आहे.”

त्यांनी डबा घेतला. हलका लागला म्हणून असेल, झाकण उघडलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला राग म्हणता आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी झाकण लावलं, चारही कोपरे एकेक करून दाबले आणि म्हणाल्या, “आज माझी तब्येत बरी नाही.” दार लागलं. आतून साखळी घातल्याचा आवाज आला.

जिना उतरताना मी अक्षरशः रडकुंडीला आले होते, पण ते दुःखाने नव्हे, संतापाने. काय माणसं आहेत ही! एकीला डब्यात काही असलं तर चालत नाही, दुसरीला नसलं तर चालत नाही, आणि मधल्यामध्ये माझं सँडविच. पाच वर्षं! पाच वर्षं मी स्पॅनिशमधल्या जुन्या हस्ताक्षरांवर डोळे फोडले, कन्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, रात्रपाळीचं पार्टटाइम केलं, आणि माझं प्रकरण एका प्लास्टिकच्या डब्यात बुडणार होतं.

घरी पोहोचून आईला फोन लावला. पुण्यात दुपारचा चहा चालू होता. तिला सगळं सांगितलं, समिती, शुक्रवार, शिष्यवृत्ती. ती मधे एका जागी अडकली ती तिथेच.

“थांब थांब. तू डबा रिकामा दिलास?”

“अगं आई, रूल आहे तसा.”

“रूल गेला खड्ड्यात. घरात साखर नव्हती?”

“होती.”

“मग? काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे काय आता तुला एकतिसाव्या वर्षी शिकवायचं? त्या बिचारीने एवढ्या खिरी करून दिल्या. तिला काय वाटलं असेल? की पोरीने हिशेब मिटवला.”

“आई, माझं थीसिस...”

“ते तू बघ. डबा तू रिकामा दिलास ना, मग जाऊन सॉरी म्हण. फॉर्मबिर्म नेऊ नकोस.”

एवढं बोलून तिने चहा उतू जातोय असं सांगून फोन ठेवला. मला तिचा प्रचंड राग आला, कारण ती बरोबर होती. माझा हात साखरेकडे गेला होता आणि मी तो मागे घेतला होता. न कळून केलेलं नव्हतं ते.

बुधवारी सकाळी उठून गोडाचा शिरा केला. निळा डबा त्यांच्याकडेच होता, म्हणून माझा स्टीलचा घेतला. पुणं सोडताना आईने त्यावर माझं नाव घालून दिलं होतं. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, फॉर्मची प्रतही घेतली नाही. प्रकरण तर गेलंच होतं.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून अर्धा चेहरा.

“मुलाखतीला आले नाही,” मी म्हटलं. “काल मी चूक केली. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मला हे माहीत होतं आणि तरी केलं. म्हणून आले.”

त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला. मग साखळी निघाली.

त्यांनी शिरा दोन वाट्यांत काढला. एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, “तूप जास्त आहे.” मी म्हटलं, आमच्याकडे असंच असतं. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता, स्टीलच्या डब्यावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत.

“काल मी झाकण उघडलं आणि मला वाटलं, हिला कुणी सांगितलं?”

“काय?”

“आमच्या दुकानामागच्या गल्लीत फिलोमेना राहायची. फिलोमेना साल्वातिएर्रा. दुसऱ्यांचे कपडे धुवायची. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत चाळीस पावलं, मी मोजलेली आहेत. तिची आणि माझ्या आईची भाषा जुळायची नाही, भांडी जुळायची. एकीचं पातेलं दुसरीकडे, दुसरीचं पहिलीकडे. कधी रिकामं नाही. ज्या दिवशी लोक आले, फिलोमेनाने आईला आणि आम्हा दोघा भावंडांना तिच्या खोलीत पलंगाखाली घातलं आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसली. वाटाणे सोलत. कुणी विचारलं की सांगायची, इथे चिनो नाहीत, पुढे व्हा. दोन दिवस. मला तिच्या टाचा दिसायच्या, भेगा पडलेल्या.”

 माझे हात वहीसाठी शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. पण वही काढली नाही.

“तिसऱ्या दिवशी आम्ही दुकानात परतलो. फळ्यासुद्धा नेल्या होत्या. बाबा जमिनीवर बसून होते. दुपारी फिलोमेना पातेलं घेऊन आली. भात. गरम. आईने झाकण काढलं, ताटलीत वाढायला घेतला, आणि भातातून एक लाल मिरची वर आली.”

 मला तांदळाचा डबा आठवला, वरच्या चार मिरच्या. 

“आमच्याच पोत्यातला तांदूळ,” मी म्हटलं. ‘तुमच्या’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘आमच्या’ आलं.

“तिचा थोरला मुलगा. आई दारात बसून आम्हाला लपवत होती आणि मुलगा पुढून पोतं ओढून आणत होता. तिला माहीत होतं का? असणारच. घरात अचानक तांदूळ आला तर बाईला कळत नाही? पण तिच्या घरात दुसरं काही नव्हतं आणि आम्ही उपाशी होतो. म्हणून तिने तोच शिजवला. त्या मुलाचं नाव मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही.”

“नका सांगू.”

“आईने तो भात आम्हाला भरवला. दाणा टाकला नाही. स्वतः खाल्ला नाही. मग पातेलं घासलं, पुसलं, कोरडं केलं आणि माझ्या हातात दिलं. ने म्हणाली. मी म्हटलं, यात काही घातलं नाहीस. ती म्हणाली, ने.”

ओशिरोबाईंनी शिऱ्याची वाटी बाजूला सारली.

“चाळीस पावलं मी ते नेलं. फिलोमेनाने घेतलं, झाकण उघडलं, आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.  काल माझ्या दारात मी फिलोमेना होते, पोरी, आणि तू मी होतीस. तेव्हा मला कळलं तिला कसं वाटलं असेल ते. एक्याण्णव वर्षांची झाल्यावर.”

“मग तुमची आई पुन्हा...?”

“जाणार होती. राग ओसरायला चार दिवस लागले. मग म्हणायला लागली, घरात काही येऊ दे, घेऊन जाते. रिकाम्या हाताने कशी जाऊ? दुकानात तर काही उरलंच नव्हतं. उद्या, परवा. अकरा दिवसांनी भूकंप झाला. गल्ली मातीच्या विटांची, अर्धी बसली. लोक जिथे जागा मिळेल तिथे गेले. फिलोमेना मेली की गेली, आम्हाला कधी कळलं नाही. आई सत्तर वर्षांची होऊन वारली. शेवटपर्यंत एकच म्हणायची: काही नव्हतं तर चिमूटभर मीठ घालायचं होतं मी. घरात मीठ होतं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. कालपासून ज्या गोष्टींवर चिडले होते, त्या सगळ्या आठवून मला लाज वाटली. चौथ्या प्रकरणाचा प्रश्नही आठवला. शेजारी की परके? एकाच खोलीत, एकाच पलंगावर झोपणारी आई आणि मुलगा. मी पाच वर्षं तो प्रश्नच बाळबोध विचारत आले होते.

निघताना मी म्हटलं, “यातलं काही मी लिहिणार नाही. तुम्ही काळजी करू नका.”

“आई चाळीस पावलं गेली नाही,” त्या म्हणाल्या. “तू क्योतोहून आलीस.” आणि स्टीलचा डबा त्यांनी ठेवून घेतला. धुऊन देते म्हणाल्या.

गुरुवारी बसून मी चौथं प्रकरण काढून टाकायला लागले. तळटीपांचे आकडे सगळे बदलतात, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. रडत रडत आकडे बदलत होते आणि मधूनच नाकानिशी-सानना, सेन्सेईंना आणि जगातल्या तमाम समित्यांना शिव्या घालत होते.

शुक्रवारी सकाळी कुरिअरवाल्याने बेल वाजवली. खोक्यावर कोबेचा पत्ता, थरथरत्या अक्षरात. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा स्टीलचा डबा. झाकण उघडलं. वर चार घड्या घातलेला फॉर्म. खाली लाल गोल शिक्का, ओशिरो, जरासा तिरका मारलेला. ‘नावे बदलावीत’ या चौकटीवर काट, आणि बाजूला पेन्सिलीने स्पॅनिशमध्ये दोन ओळी: ‘फिलोमेनाचं नाव पूर्ण लिही. मुलाला फक्त मुलगा म्हण.’

फॉर्मच्या खाली कागदाची छोटी पुडी होती. लिमातल्या दुकानात बांधायचे तशी, दोन्ही टोकं पिळून आत खोचलेली. मला सोडवायला वेळ लागला. आत चिमूटभर मीठ.

ते माझ्यासाठी नव्हतंच. पंच्याऐंशी वर्षं उशिरा, चुकीच्या पत्त्यावर, पण ते अखेर निघालं होतं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि पोटभर रडले.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी समितीच्या ऑफिसात होते. सायकल इतकी जोरात मारली होती की धाप लागली होती. नाकानिशी-साननी फॉर्म उलटसुलट पाहिला, शिक्का भिंगाखाली धरला, मान हलवली. मग यादीचा नवा कागद पुढे सरकवला. ‘व्यक्तीला दिलेल्या वस्तू’ खाली मी लिहिलं: शिरा. त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘व्यक्तीकडून मिळालेल्या वस्तू’ खाली लिहिलं: मीठ.

“मीठ?”

“हो.”

“किती?”

“चिमूटभर.”

त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर टेकवलं. घड्याळात पावणेपाच झाले होते. मग त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “कौमुदी-सान, हे संशोधनासाठी आवश्यक होतं का?”

“हो,” मी म्हटलं. “तेवढंच आवश्यक होतं.”